युवक व कुटुंबांसाठी खाजगी न्यासांचे अनुदान (महाराष्ट्र)

युवक व कुटुंबांसाठी खाजगी न्यासांचे अनुदान म्हणजे एखाद्या व्यक्तीने, घराण्याने किंवा कंपनीने स्वतःच्या संपत्तीतून स्थापन केलेल्या न्यासाने अथवा प्रतिष्ठानाने शिक्षण, आरोग्य, बालसंगोपन, व्यसनमुक्ती, कौटुंबिक समुपदेशन, रोजगार प्रशिक्षण अशा कामांसाठी संस्थांना किंवा थेट व्यक्तींना दिलेले अर्थसाहाय्य होय. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत, या प्रकारच्या दानाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. मुंबईच्या उत्तर सीमेलगत ठाणे जिल्ह्यात वसलेल्या मीरा-भाईंदरसारख्या नव्या शहरांत मात्र अशा न्यासांपेक्षा त्यांच्याकडून निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थांचे महत्त्व अधिक आहे.

अनुदान ठरावीक मुदतीसाठी असते. ज्या गरजेसाठी ते दिले जाते ती गरज मात्र मुदतीबरोबर संपत नाही. त्यामुळे अनुदान संपल्यावर कामाचा खर्च कोण उचलणार, हा या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानला जातो. महाराष्ट्रातील दीर्घकाळ टिकलेल्या अनेक संस्थांचा इतिहास या प्रश्नाच्या उत्तराशी जोडलेला आहे.

संज्ञा

'खाजगी न्यास' या शब्दाचे दोन अर्थ आहेत व त्यांत गल्लत होण्याचा संभव असतो. कायद्याच्या भाषेत खाजगी न्यास म्हणजे विशिष्ट नातेवाईक किंवा ठरावीक व्यक्तींच्या लाभासाठी केलेला न्यास. अशा न्यासांना भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. या लेखातील अर्थ त्याहून वेगळा आहे. येथे निधी खाजगी व्यक्तीचा किंवा कंपनीचा असतो, परंतु लाभार्थी जनता किंवा जनतेतील एखादा मोठा वर्ग असतो. असा न्यास महाराष्ट्रात कायद्याने 'सार्वजनिक' न्यासच ठरतो.

अमेरिकेत 'खाजगी प्रतिष्ठान' हा करकायद्यातील स्वतंत्र वर्ग असून अशा प्रतिष्ठानाला आपल्या गुंतवणुकीच्या सुमारे ५ टक्के इतकी रक्कम दरवर्षी सत्कार्यासाठी वाटावी लागते. भारतात असा स्वतंत्र वर्ग नाही. येथे मालमत्तेऐवजी उत्पन्न हा हिशेबाचा आधार असतो. करसवलत टिकवण्यासाठी वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करणे अपेक्षित असते. अनुदान देणारी संस्था आणि स्वतः काम करणारी संस्था असा भेदही भारतीय कायदा ठळकपणे करत नाही. एकच न्यास दोन्ही कामे करू शकतो.

इतिहास

आरंभ

मुंबईतील व्यापारी घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात शाळा, रुग्णालये, धर्मशाळा व ग्रंथालये यांसाठी मोठ्या देणग्या दिल्या. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय व राजाबाई मनोऱ्यासाठी दिलेली देणगी हे त्याचे परिचित उदाहरण आहे. ही दाने प्रामुख्याने इमारतींच्या रूपाने दिसतात. निधी कायम राखून त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी गरजूंना साहाय्य करण्याची पद्धत त्यानंतर रुळली.

जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेला जे. एन. टाटा एंडोमेंट हा या पद्धतीचा महत्त्वाचा टप्पा होय. परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या तरुणांना या निधीतून कर्जरूपाने शिष्यवृत्ती मिळू लागली. परत आलेल्या रकमेतून पुढील विद्यार्थ्यांना साहाय्य करणे, हे या योजनेचे सूत्र होते. पहिल्या शिष्यवृत्तीधारकांत डॉ. फ्रेनी कामा व डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रियांचा समावेश होता.

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. १९२० मध्ये विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले. मोठ्या देणगीमुळे संस्थेला स्थैर्य मिळते आणि तिच्या ओळखीवर देणगीदाराचा ठसाही उमटतो, हे या प्रसंगातून दिसते.

टाटा न्यास व सामाजिक कार्याचे शिक्षण

सर रतन टाटा यांनी १९१२ च्या सुमारास लंडन विद्यापीठाला दारिद्र्याची कारणे व उपाय यांच्या अभ्यासासाठी तीन वर्षे दरसाल १,४०० पौंड देऊ केले. त्यातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सुरू झालेल्या अभ्यास विभागाचे पहिले संचालक अर्थेतिहासकार आर. एच. टॉनी होते. गरजूला थेट मदत देण्याबरोबरच गरजेच्या कारणांच्या अभ्यासासाठीही अनुदान देता येते, हा विचार त्यामागे होता. १९१८ मध्ये सर रतन यांचे निधन झाले व पुढील वर्षी त्यांच्या नावाचा न्यास अस्तित्वात आला.

सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये, निधनापूर्वी काही महिने, आपली जवळजवळ सर्व संपत्ती न्यासाच्या स्वाधीन केली. त्यांच्या दिवंगत पत्नी मेहेरबाई यांचा ज्युबिली हिराही त्यात होता. या न्यासाच्या साहाय्याने १९३६ मध्ये मुंबईत 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. हीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. नागपाडा येथे वस्तीकार्य करणारे अमेरिकन धर्मोपदेशक क्लिफर्ड मॅनशार्ड हे तिचे पहिले संचालक होते. १९३७ मध्ये संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मुलाच्या वर्तनातील अडचणींकडे त्याच्या घराच्या संदर्भात पाहण्याचा दृष्टिकोन त्यातून भारतात रुजू लागला.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर देणगीदारांच्या वर्तुळात मध्यमवर्गही आला. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण भागातून आलेल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवली. मुंबईत १९७९ मध्ये रिपन कपूर व त्यांच्या मित्रांनी 'क्राय' ही संस्था सुरू केली. लहान देणगीदारांकडून निधी गोळा करून तो मुलांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना देणे हे तिचे कार्य होते. अमेरिकेतील मराठी भाषकांनी १९७८ मध्ये स्थापन केलेले महाराष्ट्र फाउंडेशन महाराष्ट्रातील सामाजिक संस्थांना अर्थसाहाय्य देते. १९९४ पासून त्याच्या साहित्य व समाजकार्य पुरस्कारांमुळे ते मराठी वाचकांना अधिक परिचित झाले. एखाद्या शहरातील अनेक देणगीदारांचे निधी एकत्र सांभाळून स्थानिक गरजांसाठी वाटणारा बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट १९९१ मध्ये स्थापन झाला.

अभिनेते नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या नाम फाउंडेशनने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांना थेट आर्थिक मदत दिली. पुढे जलसंधारणासारख्या कामांकडेही ते वळले. संकट कोसळल्यानंतरची मदत आणि संकटाच्या कारणांवरचे काम या अनुदानाच्या दोन दिशा येथे एकाच संस्थेत दिसतात.

कायदेशीर चौकट

धर्मादाय कायदा

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. पूर्वी तो मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जात असे. या कायद्याखाली धर्मादाय आयुक्त व त्यांच्या अधिनस्त सह, उप व सहायक आयुक्तांची कार्यालये न्यासांची नोंदणी व देखरेख करतात. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या सेवाभावी संस्थांनाही महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करावी लागते. त्यामुळे अनुदान देणारा न्यास व ते घेणारी संस्था हे दोघेही बहुधा एकाच यंत्रणेच्या देखरेखीखाली येतात. न्यासांच्या नोंदणी क्रमांकापुढे 'ई' आणि संस्थांच्या क्रमांकापुढे 'एफ' हे अक्षर आढळते.

या कायद्याने मान्य केलेल्या धर्मादाय उद्दिष्टांत दारिद्र्य वा संकट निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य, लोकहितासाठी मनोरंजन व फावल्या वेळेच्या सोयी, तसेच सार्वजनिक उपयुक्ततेची अन्य कामे यांचा समावेश होतो. म्हणजे क्रीडांगण, व्यायामशाळा किंवा युवक केंद्र यांसाठीचा खर्चही धर्मादाय ठरू शकतो. न्यासाला हिशेब ठेवणे व त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. विश्वस्त बदलल्यास 'बदल अहवाल' दाखल करावा लागतो आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते.

धर्मादाय रुग्णालयांबाबत याच कायद्याच्या कलम ४१ एए खाली योजना आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून अमलात आलेल्या या योजनेप्रमाणे रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी अन्य रुग्णांच्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. पात्रतेची उत्पन्नमर्यादा शासनाने वेळोवेळी वाढवली आहे. आजारपणामुळे कर्जात बुडणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही तरतूद अनेकदा एखाद्या न्यासाच्या अनुदानापेक्षा अधिक उपयोगी ठरते. अनुदान मिळणे न्यासाच्या निर्णयावर अवलंबून असते, तर येथे पात्र रुग्णाला दाद मागता येते.

आयकर

आयकर कायद्याखाली नोंदणीकृत धर्मादाय न्यासाच्या उत्पन्नाला अटींसह करमुक्ती मिळते आणि त्यासाठीची मान्यता असल्यास देणगीदारालाही वजावट मिळते. २,००० रुपयांपेक्षा अधिक देणगी रोखीने दिल्यास ही वजावट मिळत नाही. २०२१ पासून ही नोंदणी कायमस्वरूपी न राहता मुदतीची झाली असून तिचे नूतनीकरण करावे लागते. विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांना न्यासाच्या पैशातून लाभ दिल्यास करमुक्ती धोक्यात येते.

एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीबाबत २०२३ च्या वित्त अधिनियमाने महत्त्वाचा बदल केला. अशा देणगीपैकी केवळ ८५ टक्के रक्कम उद्दिष्टावरचा खर्च म्हणून धरली जाऊ लागली. दुसऱ्या न्यासाच्या मूळ निधीत भर घालण्यासाठी दिलेली रक्कम तर खर्च म्हणून धरली जात नाही. परिणामी, लहान संस्थेला आयुष्यभर पुरेल असा मूळ निधी उभारून देण्यापेक्षा तिला वर्षाच्या खर्चापुरते अनुदान देणे मोठ्या न्यासाला हिशेबाच्या दृष्टीने सोयीचे ठरते.

कंपन्यांचे सामाजिक दायित्व

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे अपेक्षित आहे. नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी कोणताही एक निकष पूर्ण झाल्यास हे कलम लागू होते. अनेक कंपन्यांनी या खर्चासाठी स्वतःची प्रतिष्ठाने स्थापन केली. कायद्याने कंपनीच्या कार्यक्षेत्रालगतच्या भागाला प्राधान्य देण्यास सांगितले आहे. 'चालू प्रकल्प' म्हणून मान्य झालेले काम सुरुवातीचे वर्ष वगळून कमाल तीन वर्षे चालू शकते.

परदेशी निधी

परदेशातून येणाऱ्या देणग्यांना विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने परदेशी निधी मिळवून तो वस्तीपातळीवरील लहान संस्थांना वाटण्याची पद्धत यामुळे थांबली.

अनुदानाचे प्रकार

• वैयक्तिक साहाय्य : शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज, शस्त्रक्रिया किंवा औषधोपचारासाठी दिलेली मदत. ही रक्कम पुष्कळदा लाभार्थ्याच्या हाती न देता थेट महाविद्यालय किंवा रुग्णालयाच्या नावे दिली जाते.

• प्रकल्प अनुदान : ठरावीक काम, ठरावीक मुदत व ठरावीक अंदाजपत्रक यांसाठीचा निधी. संस्थांना मिळणारी बहुतेक अनुदाने या प्रकारची असतात.

• संस्थात्मक अनुदान : पगार, भाडे, लेखापरीक्षण, प्रशिक्षण अशा नित्य खर्चासाठीचा निधी. देणगीदारांना यात दाखवण्यासारखे फळ कमी दिसते. संस्था टिकण्यासाठी मात्र हाच निधी सर्वाधिक उपयोगी पडतो.

• मूळ निधी : मुद्दल न मोडता केवळ व्याजातून खर्च करावा, या अटीवर दिलेली देणगी.

• वस्तुरूप साहाय्य : शालेय साहित्य, धान्य, संगणक, वापरण्यास दिलेली जागा.

युवक व कुटुंबांसाठीच्या कामात या प्रकारांची निवड परिणामकारक ठरते. शिष्यवृत्तीचे फळ वर्षभरात मोजता येते. समुपदेशन, व्यसनमुक्ती किंवा कौटुंबिक हिंसेविरोधातील कामाला अनुभवी माणसे लागतात आणि ती प्रकल्पाच्या मुदतीनुसार आणता-पाठवता येत नाहीत.

कार्यपद्धती

बहुतेक न्यासांची अनुदान प्रक्रिया ढोबळमानाने सारखी असते. संस्था प्रथम कामाचे संक्षिप्त टिपण पाठवते. ते न्यासाच्या उद्दिष्टांत व कार्यक्षेत्रात बसत असल्यास सविस्तर प्रस्ताव मागवला जातो. त्यासोबत नोंदणी प्रमाणपत्र, आयकर नोंदणी, देणगी वजावटीचे मान्यतापत्र, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांची यादी व कार्यकारिणीचा ठराव जोडावा लागतो. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडेही स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्यानंतर न्यासाचे प्रतिनिधी प्रत्यक्ष भेट देऊन काम पाहतात आणि विश्वस्त मंडळ मंजुरीचा ठराव करते.

मंजूर रक्कम सहसा हप्त्यांनी मिळते. पहिल्या हप्त्याचा हिशेब व प्रगती अहवाल दिल्यानंतर पुढचा हप्ता सोडला जातो. अखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. लहान संस्थांची अडचण बहुधा हप्त्यांच्या मधल्या काळात होते. अहवाल तपासला जाईपर्यंत कार्यकर्त्यांचे मानधन थकते आणि राखीव निधी नसल्यास काम खंडित होते.

नोंदणी, हिशेब व बदल अहवाल या बाबी वेळेवर पूर्ण नसणे हे चांगले काम असूनही अनुदान नाकारले जाण्याचे एक कारण ठरते. विश्वस्त मृत्यू पावले वा बदलले असूनही धर्मादाय कार्यालयातील नोंदीत जुनीच नावे असतील, तर संस्थेच्या वतीने करार करण्याचा अधिकार कोणाला, असा प्रश्न उपस्थित होतो.

उल्लेखनीय उदाहरणे

मुक्तांगण

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे छोट्या खाजगी अनुदानातून उभ्या राहिलेल्या कामाचे मराठी वाचकांना सुपरिचित उदाहरण होय. १९८० च्या दशकात 'गर्द' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्राऊन शुगरचे व्यसन शहरी तरुणांत पसरत होते. पत्रकार-लेखक अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांनी अशा तरुणांच्या उपचारासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. येरवडा मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या सुनंदा अवचट यांनी केंद्राची जबाबदारी घेतली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी रुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले.

मूळ देणगी मोठी नव्हती. काम टिकले ते त्यामागे आधीच तज्ज्ञ व्यक्ती, शासनाची जागा व उपचाराची निश्चित कल्पना होती म्हणून. पुढे केंद्राला शासकीय अनुदान मिळाले, अन्य देणगीदार आले व स्वतंत्र इमारत झाली. व्यसनी व्यक्तीच्या पत्नीसाठी 'सहचरी' गट चालवून मुक्तांगणने कुटुंबालाही उपचाराचा भाग मानले.

टाटा समाजविज्ञान संस्थेचे क्षेत्रप्रकल्प

न्यासाच्या अनुदानातून जन्मलेल्या या संस्थेने स्वतःही अनेक सेवा सुरू करून पुढे इतरांकडे सोपवल्या. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला. हिंसाग्रस्त स्त्रीला पोलीस यंत्रणेच्या आतच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्तीची मदत मिळावी, हा त्याचा हेतू होता. २००५ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे कक्ष शासकीय व्यवस्थेचा भाग म्हणून स्वीकारले. १९९६ मध्ये संस्थेत सुरू झालेली १०९८ ही चाइल्डलाइन सेवाही पुढे देशभर विस्तारली आणि अलीकडे ती शासकीय बालसंरक्षण यंत्रणेत विलीन करण्यात आली.

याच संस्थेत जून २०२४ मध्ये विरुद्ध बाजूही दिसली. टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानावर नेमलेल्या ५५ अध्यापक व सुमारे ६० अध्यापकेतर कर्मचाऱ्यांना, अनुदान न मिळाल्याच्या कारणावरून, सेवा समाप्तीच्या नोटिसा देण्यात आल्या. न्यासाने निधी देण्याची तयारी दर्शवल्यानंतर काही दिवसांतच त्या मागे घेण्यात आल्या. नोटीस मिळालेल्यांपैकी काहींनी तेथे अनेक वर्षे काम केले होते. एखादे पद कितीही काळ चालू राहिले, तरी ते कायम खर्चात समाविष्ट होईपर्यंत त्याचे भवितव्य दात्याच्या निर्णयाशी बांधलेले असते, हे या घटनेने दाखवले.

मीरा-भाईंदरमधील परिस्थिती

मीरा-भाईंदर हे एका पिढीत वाढलेले शहर आहे. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद स्थापन झाली व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख २० हजारांच्या आसपास गेली आणि २०११ च्या जनगणनेत ती ८ लाख ९ हजारांवर पोहोचली. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे या गावांतील कोळी, आगरी व ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती, भाईंदरची मिठागरे आणि मीरा रोड परिसरातील स्थलांतरितांच्या इमारती असे शहराचे मिश्र स्वरूप आहे. नोकरदारांचा मोठा वर्ग लोकलने मुंबईला ये-जा करतो. आईवडील दिवसभर बाहेर व आजी-आजोबा गावी, अशा घरांत पाळणाघर, अभ्यासिका व किशोरवयीन मुलांसाठी सुरक्षित जागा या गरजा ठळक होतात.

मुंबईपासून दहिसरच्या नाक्याइतकेच अंतर असले, तरी अनुदानाच्या दृष्टीने ही सीमा महत्त्वाची ठरते. मुंबईतील एखाद्या न्यासाच्या न्यासपत्रात लाभक्षेत्र 'मुंबई शहर' किंवा 'बृहन्मुंबई' एवढेच नमूद असेल, तर ठाणे जिल्ह्यातील मीरा रोडच्या कुटुंबाला विश्वस्तांची इच्छा असूनही त्यातून मदत देता येत नाही. लाभक्षेत्राची अशी मर्यादा बदलायची तर ते विश्वस्तांच्या साध्या ठरावाने होत नाही. मूळ उद्दिष्टात फेरबदल करण्यासाठी कायदेशीर प्रक्रिया करावी लागते. कंपन्यांच्या निधीबाबत कार्यक्षेत्रालगतच्या भागाला दिलेल्या प्राधान्यामुळे प्रामुख्याने निवासी असलेल्या शहराची बाजू लंगडी पडते. येथील रहिवासी ज्या कंपन्यांत काम करतात, त्यांची कार्यालये बहुधा दुसऱ्या शहरात असतात.

शासकीय यंत्रणाही जिल्ह्याच्या हद्दीनुसार चालतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार बालकल्याण समिती जिल्ह्यासाठी असते. न्यासांची नोंदणीही ठाणे येथील धर्मादाय कार्यालयाच्या अखत्यारीत येते. पोलिसांच्या बाबतीत मात्र ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर व वसई-विरार मिळून स्वतंत्र आयुक्तालय झाले आहे. त्यामुळे कुटुंबासाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेला महापालिका, ठाणे येथील जिल्हा कार्यालये व वसई-विरारसह असलेले पोलीस आयुक्तालय अशा तीन वेगवेगळ्या हद्दींत व्यवहार करावा लागतो.

शहरातील न्यासांच्या कार्याचे मोठे उदाहरण म्हणजे मीरा रोड येथील भक्तिवेदांत रुग्णालय. श्री चैतन्य सेवा ट्रस्टच्या वतीने ते १९९८ पासून चालवले जाते. उत्तन येथील केशवसृष्टीत असलेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी १९८२ मध्ये स्थापन झाली असून ती लोकप्रतिनिधी व स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षण वर्ग घेते. याखेरीज धार्मिक व ज्ञातिसंस्था, चर्चशी संलग्न शाळा, तसेच गणेशोत्सव मंडळे वह्यावाटप, शैक्षणिक मदत व रक्तदान शिबिरे असे उपक्रम करतात. महापालिकेत महिला व बालकल्याण समितीची कायदेशीर तरतूद आहे. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना लागू असते. शासकीय लाभ मंजूर होईपर्यंतच्या काळात शाळेचे शुल्क व घरखर्च भागवण्यासाठी खाजगी मदत सर्वाधिक उपयोगी पडते.

मर्यादा व टीका

खाजगी अनुदानावर सामान्यतः पुढील आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप उत्तरदायित्वाचा आहे. कोणत्या गरजेला प्राधान्य द्यायचे, हे ज्यांना ती गरज आहे ते ठरवत नाहीत, विश्वस्त ठरवतात. मुलांच्या शिक्षणाला निधी सहज मिळतो, पण तुरुंगातून सुटलेल्या तरुणांचे पुनर्वसन, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची मुले किंवा मानसिक आजार असलेल्या व्यक्तींची कुटुंबे यांच्यासाठी तो मिळवणे कठीण जाते. करसवलतीमुळे शासनाचा महसूल कमी होत असल्याने या निवडीत सार्वजनिक पैशाचाही वाटा असतो, याकडे टीकाकार लक्ष वेधतात.

दुसरा आक्षेप मोजमापाचा आहे. अहवालात लाभार्थ्यांची संख्या द्यावी लागत असल्याने संस्थांचा कल अधिक लोकांपर्यंत थोडी मदत पोहोचवण्याकडे होतो. एका कुटुंबासोबत दोन वर्षे काम करून मूल पुन्हा शाळेत टिकवणे हे तक्त्यात केवळ 'एक' असे दिसते.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आहे : सेवा सुरू करणे हे न्यासाला भूषणावह वाटते, ती चालू ठेवणे तितकेसे वाटत नाही. त्यावर अनुभवातून पुढे आलेले काही उपाय आहेत. अनुदानाच्या पहिल्याच वर्षी पुढील खर्चाची व्यवस्था ठरवणे, रक्कम एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करणे, राखीव निधीसाठी तरतूद करणे आणि शासनाला काम हस्तांतरित करायचे असल्यास आरंभापासून संबंधित विभागाला त्यात सामील करून घेणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. विशेष कक्ष पोलीस यंत्रणेच्या आतच सुरू झाला असल्याने पुढे शासनाने तो स्वीकारणे सोपे गेले.

खाजगी अनुदानाच्या समर्थकांच्या मते, शासनाला ज्या कामाची उपयुक्तता अद्याप पटलेली नाही ते करून पाहण्याचे स्वातंत्र्य न्यासाकडे असते. बालमार्गदर्शन केंद्र, चाइल्डलाइन व व्यसनमुक्ती केंद्र ही उदाहरणे या मताला पुष्टी देतात. मात्र प्रयोग यशस्वी झाल्यानंतर ती सेवा नागरिकाचा हक्क बनली, की दात्याच्या मर्जीवर अवलंबून राहिली, यावरून अनुदानाचे अंतिम मूल्यमापन करावे लागते.

हेही पाहा

धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र
टाटा समाजविज्ञान संस्था
मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र
महाराष्ट्र फाउंडेशन
मीरा-भाईंदर महानगरपालिका